हसण्याची रेघ

माझी बायको गेली हे मला एका मंगळवारी दुपारी कळलं. तोवर तिला जाऊन चारेक महिने होऊन गेले होते. तसं पाहिलं तर ती गेली तेव्हा मी तिथंच होतो. डोक्यातली एक शीर फुटली. सकाळी उठून तिनं खिडकी उघडली आणि तिथंच खाली बसली, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली. लोक आले, बसले, गेले. दाराजवळची तिची चप्पल मी स्वतः उचलून कपाटात ठेवली. हे सगळं मी केलं, पण करताना आपण दुसऱ्या कुणाचं तरी काम उरकतोय असं वाटत होतं. मग त्या मंगळवारी कंडक्टर आला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून हसला. तेव्हा कळलं.

कंडक्टरचा जन्म बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडण्यात गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून खोलीत शिरला की आधी माणसांना आत सरकायला सांगतो. मी कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला लागून माझी खोली आहे, मधे एक दार. त्या तोंडाचं माप घेतात. मेण, साचा, दात लावणं, घासणं, पॉलिश हे माझ्याकडे. कंडक्टरची जुनी कवळी मीच केली होती. ती झिजली म्हणून या चार महिन्यांतच नवी करून दिली. आता तो ती रुमालात बांधून घेऊन आला होता, आणि कुणाचं तरी बसमध्ये विसरलेलं सामान जमा करावं तसा तो रुमाल त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

“टोचतेय का?” मी विचारलं.

“नाही.”

“सैल आहे?”

“छे, शेंगदाणे खातो मी तिनं.”

“मग?”

“मग काय, तोंड घोड्याचं झालंय माझं.”

मी त्याला कवळी घालायला लावली, दिव्याखाली बसवलं, ओठ उचलून पाहिलं. साठ, एकसष्ट, बासष्ट असं म्हणायला लावलं. त्यातला ‘स’ शिट्टी न वाजता निघाला की दात जागेवर आहेत असं आम्ही धरतो. सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, यात तर काही चूक दिसत नाही. तो म्हणाला, “अशी नाही दिसायची. हसल्यावर दिसते.” मी म्हटलं, मग हसा. त्यानं ओठ ताणले. “हे हसणं झालं?” “तुमच्या तोंडाकडे बघून एवढंच येतं,” तो म्हणाला. आणि मग सांगायला लागला. नातीच्या वाढदिवसाला त्याचा जावई मेणबत्ती पेटवायला वाकला, तर गळ्यातला टाय केकात. त्याला पत्ता नाही. सगळे बघतायत, कुणी बोलत नाही. आणि घाम आला म्हणून त्या गड्यानं तोच टाय उचलून तोंड पुसलं. “दोन्ही गालांना क्रीम, अगदी नीट, दाढी करायला बसल्यासारखं,” कंडक्टर म्हणाला, “आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. सगळ्यांचे दात आलेत फोटोत. माझी हिरडी आलीय! नात म्हणते, आजोबा, तुम्ही च्युइंगम खात होता का?” हे सांगता सांगता त्याला पुन्हा तो टाय दिसला असणार, कारण तो खुर्चीचे हात धरून खरोखरच हसला, आणि त्याचा वरचा ओठ पडद्यासारखा वर गेला, आणि दातांच्या वर माझ्या हातच्या गुलाबी प्लॅस्टिकची एक पट्टी उघडी पडली. तांदळाच्या दाण्याएवढी रुंद असेल. मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. कंडक्टर हसायचा थांबला, ओठ खाली आला, पट्टी गेली. “दिसली ना?” तो म्हणाला. मी म्हटलं, दिसली.

माणूस हसला की त्याचा वरचा ओठ कुठवर जातो हे प्रत्येकाचं वेगळं असतं. दात लावण्याआधी तोंडात मेणाची पट्टी बसवायची, माणसाला हसवायचं, आणि ओठ सगळ्यात वर जातो तिथं मेणावर चाकूनं एक रेघ मारायची. दात जिथं हिरडीतून निघतो ती जागा त्या रेघेवर आणायची. मग माणूस पोट धरून हसला तरी दातच दिसतात, नकली हिरडी ओठाआड राहते. रेघ खाली पडली तर दात आखूड निघतात आणि हसताना प्लॅस्टिक दिसतं. आता गंमत अशी आहे की हसा म्हटलं की कोणी हसत नाही. दातांच्या खुर्चीत, तोंडात कोमट मेण घेऊन, तर नाहीच नाही. माणूस ओठ ताणतो, आणि ताणलेला ओठ अर्ध्या वाटेतच थांबतो. हसवायचं ते काम तिचं होतं. लग्नानंतर ती पॉलिशला हात लावायला म्हणून खोलीत येऊन बसायची, खिडकीपाशी, स्टुलावर. मी एकदा कुणाला तरी तीन तीनदा हसा, हसा म्हणत होतो, तर मागून म्हणाली, “सरका बाजूला. तुमच्याकडे बघून माणसाचे उरलेसुरले दात पडतील.” तेव्हापासून रेघेच्या वेळी स्टूल खुर्चीजवळ यायचं आणि मी चाकू घेऊन बाजूला उभा राहायचो. तिला विनोद सांगता येत नव्हता. एकच यायचा, तोही पुरा नाही. एक माणूस बुटांच्या दुकानात जातो. दुकानदार त्याला बूट घालून देतो आणि म्हणतो, जरा चालून बघा. माणूस चालायला लागतो, चालायला लागतो... इथं आली की तिला पुढचं आठवायचं आणि ती फुटायची. पदर, रुमाल, माझ्या कामाचं फडकं, हाताला येईल ते तोंडावर दाबायची, हात हलवून थांबा थांबा म्हणायची, पुन्हा सुरू करायची, “तर तो चालतो,” की पुन्हा तेच. तिच्याकडे बघून खुर्चीतलं माणूस हसायचं, आणि मी रेघ मारायचो. तो माणूस चालून पुढं काय करतो हे या खोलीत कुणी कधी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि चार महिने मी काय करत होतो? लोक येत होते. त्यांना बातमी लागलेली असायची. आत आले की आधी रिकाम्या स्टुलाकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी मेण तोंडात बसवायचो आणि म्हणायचो, हसा. आणि ते बिचारे हसायचे, ज्याची बायको गेलीय त्याच्या तोंडावर हसतात तसं, बेतानं. घसा खाकरल्यासारखं हसू. मी त्याच्यावर रेघ मारत होतो. गावातल्या इतक्या तोंडांत मी चार महिने दुखवट्याचे दात बसवून दिले होते, आणि ते लोक ते दात घालून बाजारात गेले, लग्नाला गेले, नातवंडांत बसले, आणि जरा मनापासून हसले की हिरड्या दाखवायला लागले. ती नाही म्हणजे घरातलं काहीतरी नाही, पलंगाची एक बाजू, बाथरूममधला एक टॉवेल, अशीच माझी समजूत होती. ती कंडक्टरच्या ओठाखालीसुद्धा नाही, हे मी पाहिलं. मग मी कंडक्टरला म्हटलं, मी करून देतो नवी, आणि उठून नळाशी गेलो, आणि नळ सोडून बराच वेळ नुसता हात धूत राहिलो. तो मागून म्हणाला, “अहो, एवढं काही नाही, मी कमी हसत जाईन.” आणि मला हसू आलं. नळाशी उभा राहून, पाठमोरा, मी रडत होतो आणि मला हसू येत होतं, आणि दोन्ही एकाच जागेतून येत होतं, गळ्याच्या जरा खालून.

डॉक्टरीणबाई मला काका म्हणतात. मधलं दार उघडून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कंडक्टरला पुन्हा टायची गोष्ट सांगायला लावली, स्वतः पाहिलं, आणि म्हणाल्या, “काका, या मापाला मीही हो म्हटलंय. साठ-एकसष्ट म्हणायला लावून घरी पाठवलं. मीही कुणाला हसवून बघितलं नाही. सगळ्यांना परत बोलवा.” मी म्हटलं, बोलवीन, पण हसवणार कोण? त्या जरा विचार करून म्हणाल्या, “मला जमणार नाही. मला बघूनच लोक तोंड मिटतात.”

घरी सासूबाई होत्या. घरात आता आम्ही दोघंच. त्या नव्वदीला टेकलेल्या, आणि त्यांच्यासारखी हसरी बाई मी दुसरी पाहिली नाही; लेकीनं हसणं तिथूनच उचललं होतं. शेजारीपाजारी विचारायचे, आजी, एवढं आयुष्य कशानं हो मिळालं? तर एकीला सांगायच्या गार पाण्यानं, दुसरीला गरम पाण्यानं, आणि तिसरीला म्हणायच्या, “नवरा घोरायचा, तो गेल्यापासून झोप छान लागते.” लेक गेल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. महिनाभरात एक दिवस कवळी धुताना हातातून निसटली आणि बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. तुकडे त्यांनी कागदात गुंडाळून टाकून दिले, मला न दाखवता. मला कळलं ते जेवताना. मी म्हटलं, आई, आठ दिवसांत नवी करतो. तर म्हणाल्या, “राहू द्या हो जावई. आता कशाला? पाहुणी मी.” तेव्हापासून पेज, दूध, कुस्करलेलं केळं. बोळक्या तोंडानं तेवढंच जायचं, मग तेवढंही जाईना. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आजार काही नाही, पण अशाच राहिल्या तर हिवाळा निघणं कठीण. चावून खायला घाला. मी काय घालणार? तोंड उघडायला तयार नव्हत्या.

मी स्वतः त्या दिवसांत ओट्याशी उभा राहून जेवायचो. ताट घ्यायचं, बसायचं, एवढं कोण करतो. पातेल्यातूनच चार घास. संध्याकाळी फिरणं बंद पडलं होतं, कारण फिरायला मी कधी जातच नव्हतो, ती मला न्यायची. वाटेत भेटणाऱ्या माणसांची नक्कल करायला घरी येईपर्यंत दम धरवायचा नाही म्हणून तिला बरोबर कोणीतरी लागायचं. झोप यायची कारण ती बोलत असायची. शेजारी डोकावायचे कारण आतून हसण्याचा आवाज यायचा, आणि डोकावले की बसायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही चार घास जास्त खायचो. मला वाटायचं माझी तब्येत मुळात दणकट आहे. अहो, कसली दणकट? चार महिन्यांत पँट कमरेवर राहीना. ती तब्येत माझी नव्हतीच, तिनं चालवलेली होती.

त्याच मंगळवारी रात्रीचं जेवण झाल्यावर, म्हणजे त्यांनी दूध सारून ठेवल्यावर, मी सासूबाईंना कंडक्टरची गोष्ट सांगितली. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. टायपर्यंत आलो तेव्हा डोळ्यांच्या कडा हलल्या. मग त्या म्हणाल्या, “जावई, एक विचारू? हसण्यानं आयुष्य वाढतं म्हणतात ना?”

“म्हणतात.”

“मग माझं कशाला वाढलं? तिचं का नाही? ती माझ्याहून जास्त हसायची. तिच्या वाट्याचंही मीच हसून घेतलं की काय?”

मी टेबलावर सांडलेलं दूध पुसत बसलो. मला बोलण्याची अक्कल कमी. हिनं असं काही विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय, आणि ते तिला पुरलं असतं. सासूबाई मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला कळलं की दात न घेण्याचं कारण हे आहे. खाणं, चावणं, जगणं हे सगळं त्यांना चोरीचं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारला. त्यांनी हातमोजे काढले आणि नीट उत्तर दिलं. “काका, आनंदी माणसं हजार आणि कष्टी माणसं हजार अशी घेतली, तर आनंदी माणसं थोडी जास्त जगतात असं दिसतं खरं. का, ते धड सांगता येत नाही. चार माणसांत जेवतात, चालतात, झोपतात, म्हणून असेल. किंवा मुळात तब्येत बरी म्हणूनच आनंदात राहत असतील. पण ते हजारांचं झालं. एका माणसाला ते लावता येत नाही. शीर फुटायची ती हसऱ्याचीही फुटते.” मी म्हटलं, मग सासूबाईंना काय सांगू? त्या म्हणाल्या, “ते काही मला शिकवलेलं नाही, काका.”

लोकांना मी बोलवायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस एकेकाला बोलावलं आणि फजिती झाली. मी बुटांचा विनोद सांगून पाहिला. चालून बघा, इथपर्यंत सांगितला, आणि पुढं येत नव्हता म्हणून थांबलो. खुर्चीत बँडमधला कर्णेवाला होता. तोंडात मेण घेऊन तो माझ्याकडे बघत बसला. मग मेण काढून म्हणाला, “तुम्हाला बरं वाटत नाही का?” तिसऱ्या दिवशी वेळा चुकल्या आणि कंडक्टर, कर्णेवाला आणि मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका एकदमच येऊन बसले. बाहेरच्या बाकावर जागा नव्हती म्हणून तिघांना मी माझ्याच खोलीत घेतलं. कंडक्टरनं सरकायला लावून जागा केली. पाच मिनिटांत तिघं एकमेकांना आपापल्या हिरड्या दाखवत होते. बाई म्हणाल्या, “मी आयुष्यात वर्गात हसले नाही. निवृत्त झाले, म्हटलं आता मोकळेपणानं हसू, तर हे!” कर्णेवाला म्हणाला, त्याला वाजवताना काही वाटत नाही, पण वाजवून झाल्यावर लोक टाळ्या पिटतात तेव्हा तो हसतो, आणि पुढच्या रांगेतली पोरं रडतात. बाईंना त्यावर इतकं हसू आलं की डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. मी चाकू हातात घेऊन उभा होतो, आणि माझ्यासमोर तीन ओठ एकदम वर गेले होते, आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडात मेण नव्हतं. पण मला माझा रस्ता सापडला. माणसं एकेकटी बोलवायची नाहीत. तिघं तिघं बोलवायची.

आणि तिथंच माझ्या मनात सासूबाई आल्या. घरी जाऊन मी म्हटलं, आई, उद्या माझ्याबरोबर खोलीवर चला, अडचण आहे. काय अडचण? म्हटलं, लोक हसत नाहीत. त्या म्हणाल्या, “आणि मी बिनदाताची बाई जाऊन त्यांना हसवू?” मी म्हटलं, हिचं स्टूल रिकामं आहे. हे बोलायचं नव्हतं, निघून गेलं. सकाळी मी बूट घालत होतो तर काठी घेऊन दारात उभ्या.

स्टुलावर त्या बसल्या तेव्हा पाय जमिनीला टेकेनात, मी खाली डबा ठेवला. कालचेच तिघं आले. या बाई कोण हे कळल्यावर तिघंही गप्प झाले आणि तिघांनीही तेच ते बेताचं हसू काढलं, घसा खाकरल्यासारखं. मला वाटलं, झालं, संपलं. मग कंडक्टरला ती शांतता सोसेना. तो म्हणाला, “आजी, तुमची मुलगी एक विनोद सांगायची.”

“बुटांचा,” कर्णेवाला म्हणाला.

“शेवट कधी सांगितला नाही त्यांनी,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या मते तो तसाच चालत दुकानाबाहेर जातो. पैसे न देता.”

“छे हो,” कंडक्टर म्हणाला, “तो चालता चालता बसमध्ये चढतो.”

“तुमच्या सगळ्या गोष्टींत बस!”

“मला वाटायचं तो घसरतो,” कर्णेवाला म्हणाला, “आणि दुकानदाराच्या अंगावर पडतो.” मग तिघंही माझ्याकडे वळले. बाईंनी वर्गातल्या आवाजात विचारलं, तुम्ही नवरा ना, तुम्हाला माहीत नाही? मी म्हटलं, मला वाटतं त्याला बूट चावतात. “म्हणूनच,” कंडक्टर म्हणाला, “म्हणूनच त्यांनी तुम्हाला बाजूला उभं केलं होतं.”

सासूबाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. “अहो, काय लावलंय,” त्या म्हणाल्या. “तो चालून परत येतो आणि म्हणतो, आता दुसरा पण द्या. एकच बूट घातलेला असतो त्यानं.”

मेण तापवायच्या बर्नरची ज्योत तेवढी सुसू करत होती. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, “एवढंच?”

“एवढंच. तिच्या बाबांचा विनोद हा. त्यांनाही कधी पुरा सांगता आला नाही. मी लग्नानंतर वर्षभर वाट बघितली, मग एकदा जेवण वाढायचं थांबवलं, तेव्हा सांगितला. मीही हेच म्हटलं. एवढंच?” आणि आपण तेव्हा पळी हातात धरून कशा उभ्या होतो ते त्यांना दिसलं असावं. त्यांच्या खांद्यापासून सुरुवात झाली. मग गाल, मग ते बोळकं उघडलं, आणि आवाज यायच्या आधीच डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं! कंडक्टर मांडीवर थापा मारत म्हणत होता, एवढंच, एवढंच! बाई बाकावर आडव्या होत होत्या. सासूबाई सांगायला लागल्या तेव्हाच मी कर्णेवाल्याच्या तोंडात मेण बसवलं होतं, त्याची रेघ मी मारली, आणि अशी चांगली रेघ माझ्या हातून चार महिन्यांत पडली नव्हती. मग चाकू खाली ठेवला. मीही हसत होतो. मला हसण्याची सवय नाही, बरगड्या दुखतात. मधलं दार उघडून डॉक्टरीणबाई डोकावल्या, आत एक पेशंट तोंड उघडून तसाच राहिला होता, तो विचारत होता काय झालं, काय झालं.

परत येताना सासूबाई वाटेत दोनदा थांबल्या. एकदा दम लागला म्हणून, एकदा बेकरीसमोर. आत बघून म्हणाल्या, “टोस्ट खाऊन किती दिवस झाले.” मी त्यांचा हात धरून चालायला लागलो. बोललो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, नको. घराच्या जिन्यात म्हणाल्या, “घ्या उद्या माप. माझ्यासाठी नाही घेत हो. तुम्ही ओट्याशी उभं राहून जेवता ते मला आतून दिसतं. मी बसून जेवायला लागले की तुम्हाला बसावं लागेल.”

माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं. रेघेच्या दिवशी मी तिघांना मुद्दाम बोलावलं, पण सासूबाई म्हणाल्या, आधी आपण दोघंच बघू. खुर्चीत त्या एवढ्याशा दिसत होत्या. मी मेण कोमट करून बसवलं. हसा म्हटलं नाही. काय म्हणावं सुचेना, म्हणून मी नुसता उभा राहिलो, चाकू हातात, आणि माझं तोंड जसं असतं तसं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मेण घातलेल्या तोंडानं बोबडं काहीतरी बोलल्या. दोनदा विचारल्यावर मला उमगलं: लेक म्हणायची ते खरं, उरलेसुरले दात पडतील. आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. ओठ वर गेला, डावीकडून जरा जास्त. डाव्या कोपऱ्यात एक मुरड पडते आणि उजवा कोपरा मागून धावत येतो. हा ओठ मी रोज बघितला होता. आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीत, जिन्यात, स्टुलावर, फडक्याआडून. तिचे दात शेवटपर्यंत तिचेच होते, त्यामुळे त्या ओठाची रेघ मारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तो कुठवर जातो हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं, आणि तो त्याहूनही वर गेला. मी बघत राहिलो. ओठ तसाच वर होता, जरा थरथरत होता.

“मारा की रेघ,” सासूबाई मेणातून म्हणाल्या. “किती वेळ हसू?”

मी रेघ मारली.

आता दात बसले आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी टोस्ट खाल्ला, चहात न बुडवता, आणि त्याचा आवाज दुसऱ्या खोलीत येत होता. मग काकडी. मग एक दिवस कंडक्टरनं आणलेले शेंगदाणे. आम्ही टेबलाशी बसून जेवतो. मी उठायला लागलो की त्या ताटावर चमचा वाजवतात. आमच्या डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि मला बाहेर बोलावलं नाही, तिथंच सांगितलं, छान. आठवड्यातून दोनदा त्या खोलीवर येतात. माणसं तिघं तिघं बोलावलेली असतात, आणि विनोदाचा शेवट आधी प्रत्येकाला विचारतात. कालपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे दात बदलून झाले. कर्णेवाला सांगत होता, पुढच्या रांगेतली पोरं आता बसून राहतात.

काल जेवताना सासूबाईंनी मला पुन्हा तेच विचारलं. मधे विचारलं नव्हतं, मला वाटलं होतं विसरल्या. घास चावून झाला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, “मग तिचंच का नाही वाढलं, जावई?” आवाज साधा होता, मीठ मागावं तसा. मी विचार करत होतो तोवर त्यांनी पोळीचा दुसरा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. खालची कवळी डाव्या बाजूला टोचते म्हणतात, तीही घासायची राहिली आहे.